तंबोरा घेऊन मिरजेला

आईचा तंबोरा मी जन्मले तेव्हापासून आमच्या घरात कोपऱ्यात गवसणी घालून उभा आहे. १९७३ साली आजोबांनी, म्हणजे तिच्या नानांनी, तिला मिरजेहून घेऊन दिलेला, ती तेव्हा सतरा वर्षांची होती. लग्नानंतर काही वर्षं गायली, मग आम्ही दोघं भावंडं झालो, बाबांची शिफ्ट ड्युटी, डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर, आणि त्या सगळ्या रगाड्यात तिचं गाणं राहून गेलं. निदान मला तरी आजवर असंच वाटत आलेलं, आणि त्याचं थोडं ओझंही होतं मनावर. बाबा जाऊन आता चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना गवसणी काढली तर एक तार तुटलेली, भोपळ्याला चीर गेलेली, आणि उरलेल्या तारा छेडल्या तर पत्र्याच्या डब्यावर काडी मारावी तसा आवाज. आई काही बोलली नाही पण तिचा चेहरा मला बघवला नाही. तेव्हाच ठरवलं की हा जिथून आला तिथेच न्यायचा.

हे आधी सांगते कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. आणि अजून एक, मी बारा वर्षं एचआरमध्ये आहे, रोज इंटरव्ह्यू घेते, समोरचा माणूस पाच मिनिटांत कळतो असं मला मनापासून वाटायचं.

शुक्रवार रात्र, महालक्ष्मी एक्सप्रेस

कल्याणला गाडीत चढलो. तंबोरा खालच्या बर्थवर भिंतीकडे आडवा ठेवला, आई तिथेच पायाशी अंग चोरून बसली. समोर एक विशीतला मुलगा, केस अर्धे सोनेरी रंगवलेले, कानात बाळी, मानेवर टॅटू, मोबाईलवर मोठ्याने रील्स चाललेले. मी आईला डोळ्यांनीच खूण केली की पर्स आत घे. कर्जत गेल्यावर तो अचानक वाकून म्हणाला, "मॅडम, तारा उतरवल्यात का?"

मी जरा तुटकच म्हटलं, काय?

"न्हाई म्हंजे, गाडीत हादरं बसत्यात नव्हं. तारा चढलेल्या असल्या की घोडीवर ताण येतोय, आन चीरबीर असली तर वाढंल की." घोडी म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी.

आई ताडकन उठून बसली. "अगं खरंच, मी विसरलेच." गाणं शिकत असताना प्रवासाआधी तारा सैल करायची ही पहिली शिस्त होती म्हणे, इतक्या वर्षांत तिच्या डोक्यातूनच गेलेली. त्या मुलाने रील्स बंद केले, चपला काढल्या, गवसणी उघडल्यावर आधी तंबोऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि मग एकेक खुंटी हळूच सैल केली, तारेला झटका बसू न देता. बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो, गणपती आणि वरातींच्या सीझनला, एरवी भिवंडीत गोडाऊनला कामाला. गाव तासगाव तालुक्यात. आजोबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यांच्या मांडीवर बसून शिकला. पहाटे सांगली स्टेशनला उतरताना म्हणाला, "सतारमेकर गल्लीत जावा, पर दुकान बघून आत शिरू नका. कुठं वाजतंय ते ऐका आन तिथं जावा."

आईने त्याला डब्यातला लाडू दिला. मी नाव विचारायचंही विसरले आणि गाडी हलली.

शनिवार, मिरज

जानेवारीचा शेवटचा आठवडा, स्टेशनबाहेर चांगलीच थंडी. मिरज हे दोन गोष्टींचं गाव आहे, दवाखाने आणि वाद्यं. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी इथे मिशनचं हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून कर्नाटकातूनही पेशंट येतात, आमच्या लॉजवर निम्मे लोक पेशंटचे नातेवाईकच होते, हातात रिपोर्टच्या पिशव्या.

नाश्त्याला उप्पीट खात होतो तिथे एक गृहस्थ भेटले. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन, चष्मा, बोलणं इतकं शुद्ध आणि आर्जवी की मला आमचे शाळेतले सरच आठवले. तंबोरा बघून स्वतःहून चौकशी केली, आईशी गाण्याबद्दल बोलले, म्हणाले चला मी ओळखीच्या दुकानात नेतो, तुम्हाला परगावचे म्हणून कुणी फसवायला नको. मी दोन मिनिटांत त्यांच्यावर विश्वास टाकला. दुकान मोठं, काचेचं, एसी. तिथल्या माणसाने गवसणी अर्धीच खाली केली, चीर बघितली आणि सांगितलं, "यावर खर्च करण्यात अर्थ नाही मॅडम, घोडी गेली, भोपळा गेला. नवीन घ्या, पस्तीस हजार, जुना आम्ही ठेवून घेतो, त्याचे दोन हजार वजा करतो." ते गृहस्थही हळहळून म्हणाले, वस्तूचं पण आयुष्य असतं. मी अ‍ॅडव्हान्स द्यायला मोबाईल काढला सुद्धा. आईने माझ्या दंडाला धरलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "त्यांनी एकदाही तार छेडली नाही गं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मी त्यांचा शर्ट बघत होते, बोलणं ऐकत होते, आणि ज्यासाठी तीनशे-चारशे किलोमीटर आलो ती वस्तू कुणी वाजवूनही बघितली नाही.

मग गल्लीत शिरलो. अरुंद रस्ता, दारादारात वाळायला उलटे ठेवलेले भोपळे, लाकडाचा भुसा, स्पिरिटमधल्या लाखेचा नाकात जाणारा वास. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, भीमेच्या काठावर पिकवतात ते. एका दारातून एकच तार पुन्हापुन्हा छेडल्याचा आवाज येत होता, छेडायची, थांबायची, परत छेडायची. आत एक साठी ओलांडलेले चाचा, बनियन-लुंगीवर, मांडीत सतार, मान खाली. आईने काय झालंय ते सांगितलं, चारपाच वाक्यं. त्यांनी मान वर केली नाही. "ठेवा तिथं."

मी विचारलं खर्च किती येईल. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात विचारलं तरी माणूस कानस चालवतोच आहे. मी फोटोसाठी फोन वर केला तेव्हा मात्र लगेच, "फोटो न्हाई काढायचा. उद्या अकराला या."

बाहेर येऊन मी आईवर जाम चिडले, की हा काय प्रकार आहे, गिऱ्हाइकाशी बोलायची पद्धत नाही, दर सांगत नाही, आणि अशा माणसाच्या हातात तू तुझा तंबोरा सोडून आलीस. आई शांत. म्हणाली नाना मला घेऊन आले होते तेव्हाही इथे असंच कुणीतरी मान खाली घालून बसलेलं.

संध्याकाळी ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात गेलो. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथे आहे. उत्तरेतल्या कैरान्याचा हा गायक मिरजेचा झाला आणि १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना गेल्यावर इथेच विसावला, दर वर्षी त्यांच्या नावाने इथे गाणं होतं. त्यांचा फोटो बघितला असेल तुम्ही, फेटा, मिशा, लांब कोट, एखाद्या संस्थानातले कडक अंमलदार वाटतात. आणि आवाज ऐकलात तर तो इतका नाजूक की हे त्या फोटोतलेच का असं वाटावं. आई कबरीपाशी बराच वेळ बसली होती, मी तिला हाक मारली नाही.

रविवार, पुन्हा गल्लीत

अकराला पोचलो. तंबोऱ्याची घोडी काढून चाचांच्या पुढ्यात ठेवलेली, जुनी हाडाची, वरून पिवळी पडलेली. त्यांनी पहिल्यांदाच आईकडे नीट बघितलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही काळी पाचला गात होता ना पूर्वी?"

काळी पाच म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी, गाताना सा तिथे धरायचा. आई चमकली. हो म्हणाली, पण तुम्हाला कसं कळलं?

"काल बोललात की. आता काळी तीन हाय तुमची. तारा तशा लावाव्या लागतील."

म्हणजे काल मान खाली घालून हा माणूस ऐकत होता! आईच्या त्या चारपाच वाक्यांवरून त्यांनी तिचा आजचा सूर आणि तंबोऱ्याच्या तारांच्या जाडीवरून जुना सूर ओळखलेला. मी परत काहीतरी विचारायला गेले तर त्यांचा पुतण्या, जो चहा घेऊन आला होता, तो म्हणाला, "मॅडम, या बाजूला येऊन बोला, चाचांना डाव्या कानानं ऐकू येत न्हाई." मी कालही त्यांच्या डावीकडेच उभी होते आणि तिन्ही वेळा दर तिथूनच विचारलेला. आई उजवीकडे होती. मला तिथल्या तिथे इतकं वाईट वाटलं की मी चहा हातात धरून नुसती बसले.

पुतण्या बोलका. त्याने सांगितलं की या गल्लीतले लोक मूळचे शिकलगार, तलवारी भाल्यांना धार लावणारे. इंग्रजांच्या काळात हत्यारांचं काम संपत आलं तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेब नावाच्या कारागिरांनी मिरजेच्या पटवर्धन सरकारांच्या आश्रयाने वाद्यं बनवायला सुरुवात केली, एकोणिसाव्या शतकात, आणि तेव्हापासून हा धंदा पिढ्यानपिढ्या चालू आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तलवार घासणारे हात तंबोऱ्याची जवारी काढू लागले हे ऐकताना मी चाचांच्या हातांकडे बघत होते, बोटं जाड, नखं लाखेने काळी पडलेली, आणि त्या बोटांत कानस अशी धरलेली की जणू पेन्सिल.

जवारी म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. तार घोडीच्या कडेवर नुसती टेकत नाही, घोडीला अगदी बारीक उतार असतो आणि तार त्या उतारावर कंप पावताना पुसटशी घासत जाते, त्यातून तो गुंजणारा, भरून राहणारा आवाज येतो. उतार केसभर जास्त झाला तर आवाज फाटतो, कमी पडला तर तार मुकी. चाचा दोन हात कानशीचे मारायचे, घोडी बसवायचे, तार चढवायची, छेडायची, उजवा कान भोपळ्याजवळ न्यायचा, डोळे मिटायचे, परत सगळं उतरवायचं. मी मोजलं, अकरा वेळा. त्या वेळात कुणी बोललेलं त्यांना चालत नाही कारण एक हात जास्त बसला की घोडी गेली. शेवटी तार आणि घोडीच्या मध्ये कापसाचा दोरा सरकवला, पुढेमागे, पुढेमागे, आणि एका जागी येताच आवाज एकदम उघडला. खोलीतल्या खुंटीवर टांगलेल्या दुसऱ्या सतारीच्या तारा त्या आवाजाने आपोआप झणझणल्या. माझ्या अंगावर काटा आला.

"आता सा लावा ताई."

आई नाही म्हणाली. मग म्हणाली काळी तीन म्हणजे फारच खाली आले हो मी. तर चाचा म्हणाले, "भोपळा जेवढा जुना तेवढा सुकतोय, तेवढा चांगला बोलतोय. पन्नास वर्षं सुकलाय ह्यो. दुकानवाले टाकून द्या म्हनाले असतील."

आईने सा लावला. थरथरला, मग थांबला. मी माझ्या आईला तंबोऱ्यावर गाताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, एकच सूर, पण पूर्ण.

परत येताना ती रस्त्यातच म्हणाली, "तुला वाटतं ना तुमच्यामुळे माझं गाणं सुटलं? तसं नव्हतं गं. तू चार वर्षांची असताना थायरॉईड झालं आणि आवाज जड झाला, काळी पाच लागेना. खाली उतरून गायची मला लाज वाटायची. घरचं कारण सांगणं सोपं होतं, लोक लगेच मान डोलावतात." तेहतीस वर्षं मी तिच्याबद्दल एक गोष्ट धरून बसले होते आणि ती गोष्ट तिची नव्हतीच. बाबांना माहीत होतं का विचारलं तर म्हणाली, त्यांनीही तुझ्यासारखंच समजून घेतलं होतं.

सोमवार, सांगली आणि हरिपूर

चीर बुजवून लाख वाळायला एक दिवस लागणार होता, म्हणून मोकळे. सांगलीला गेलो, दहा-बारा किलोमीटर. कृष्णेकाठचा गणपती बघितला, आयर्विन पुलावर थांबलो. पुलाखाली पाणी इतकं संथ आणि उथळ होतं की २०१९ च्या ऑगस्टमध्ये हीच नदी इथे सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती यावर विश्वास बसत नाही, धोक्याची पातळी पंचेचाळीस आहे. रिक्षावाले मामा म्हणाले आमच्या घरात माळ्यापर्यंत चिखल होता, आणि लगेच विषय बदलून भडंग कुठलं घ्यायचं ते सांगायला लागले.

हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, रस्त्याला जुनी चिंचेची झाडं. मला तिथली हळदीची पेवं बघायची होती. सांगलीची हळद प्रसिद्ध, तिलाही २०१८ मध्ये जीआय मिळालंय, आणि पूर्वी ती हरिपूरच्या जमिनीखाली साठवायचे. गावात शिरून रिकाम्या जागेकडे बघत होतो तर एक आजी दारातून ओरडल्या, "काय बघताय वो? हितं काय न्हाई विकायचं."

डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की मी दोन पावलं मागे आले. मनात म्हटलं, जुन्या वळणाची बाई आहे, आईच्या मोकळ्या कपाळाकडे बघून आता काहीतरी बोलणार, आणि मी आईला घेऊन निघालेच होते. आईने मात्र सांगितलं आम्ही पेव बघायला आलोय. त्यावर आजींचा सूरच बदलला. "व्हय काय! मला वाटलं प्लॉट बघायला आलाय. रोज कोन तरी गाडी घिऊन येतंय."

मग त्यांनी स्वतः बाहेर येऊन दाखवलं. वरून बघाल तर काहीच नाही, घमेल्याएवढं तोंड, तेही मातीने बुजलेलं. आत मात्र वीस-पंचवीस फूट खोल आणि रांजणासारखं फुगत गेलेलं, शेकडो पोती मावायची. इथली मातीच अशी की आत ओल धरत नाही, हळद चार-पाच वर्षं किडीशिवाय राहायची. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली असते, आधी पेटता कंदील दोरीने सोडायचा, विझला नाही तरच माणूस. २००५ च्या पुरात पाणी आत शिरलं आणि बहुतेक पेवं बसली ती बसलीच. हे सांगताना त्या एकदा पदराने तोंड पुसून गप्प झाल्या.

आम्ही निघताना आजी म्हणाल्या थांबा, रथसप्तमी व्हायची हाय अजून, हळदीकुंकू घिऊन जावा. आई संकोचून बाजूला झाली, म्हणाली माझे मिस्टर गेलेत, हिला लावा. आजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आईची हनुवटी धरली आणि आधी हळद लावली, मग कुंकू. "हळद मातीतनं येतीया बाई. मातीला काय ठावं कोन सवाष्न कोन न्हाई." मग म्हणाल्या की नदीपलीकडं हेरवाडनं ठराव केला तवा आमच्याकडं लई बोलनं झालं, पर म्या तर त्याच्या आदीपासनं लावते. हेरवाड म्हणजे शिरोळ तालुक्यातलं गाव, २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करायचा ठराव केला होता आणि मग राज्य सरकारनेही सगळ्या गावांनी तसं करावं असं परिपत्रक काढलं. मी या विषयावर ऑफिसात प्रेझेंटेशन केलेलं आहे. बाबा गेल्यावर चार वर्षांत डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत, जिथे सगळ्या शिकलेल्या बायका, एकीनेही आईला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आणि मी कुणाच्या कपाळाकडे बघून काय ठरवलं होतं!

रिक्षात आई सारखी कपाळाला हात लावून बघत होती, पुसू नये म्हणून अलगद.

जेवायला एका खानावळीत कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी आणि भाकरी. बस, त्याबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल.

मंगळवार, परत

सकाळी तंबोरा घ्यायला गेलो. लाख नुसती आरशासारखी. घोडी जुनीच ठेवलेली, "हाड चांगलं हाय, का टाकायचं." तारा नव्या, चीर शोधून सापडत नाही. सगळे मिळून चार हजार दोनशे. मी पैसे दिले आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन परवाच्या चढ्या आवाजाबद्दल सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "मला बी वाटलं, ह्या फोटो काढनार, भाव करनार आन जानार. लई जन तसंच येतात." मग पुतण्याला म्हणाले, "आता काढ म्हनावं फोटो." फोटो मी काढला, पण त्यात चाचा नाहीत, त्यांनी आईला तंबोरा मांडीवर घेऊन बसवलं आणि स्वतः बाजूला झाले.

स्टेशनवर ते पांढऱ्या शर्टवाले गृहस्थ परत दिसले, त्यांनी हात केला, तंबोरा बघून "अरे वा, झाला का दुरुस्त" म्हणाले, आणि खरंच आनंद झाल्यासारखे दिसले. दुकानदाराकडून त्यांना काही मिळणार होतं की त्यांना मनापासून तसंच वाटलं होतं, मला सांगता येणार नाही. दोन दिवस मी त्यांना मनात दलाल म्हणत होते, तेही आता खात्रीने म्हणवत नाही.

कोयना एक्सप्रेसने निघालो, तारा आठवणीने उतरवलेल्या. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा आईनेच खाशाबा जाधवांचं सांगितलं, त्यांचं गोळेश्वर इथून जवळच. कॉलेजच्या स्पर्धेत क्रीडाशिक्षकांनी त्यांना किरकोळ अंगकाठी बघून घेतलंच नव्हतं, ते थेट प्राचार्यांकडे गेले तेव्हा उतरायला मिळालं. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. "नाना सांगायचे हे," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

बुधवारी पहाटे साडेपाचला जाग आली. किचनचा दिवा बंद, हॉलमधून तारांचा आवाज. आई जमिनीवर सतरंजी टाकून बसलेली, खुंटी पिळून तार वर घेत होती, मणी सरकवत होती, जमेना तसं परत उतरवत होती. मी दारातच उभी राहिले. तिने मला बघितलं नाही. काळी तीनला सूर मिळाला तेव्हा तिने डोळे मिटले आणि सा लावला.